बेढब विमानांचा मनापासून रिव्ह्यू : कोणतं कामाचं, कोणतं नुसतंच विचित्र

देखण्या विमानांवर ढिगाने लिहिलं गेलंय, काँकॉर्ड घ्या, स्पिटफायर घ्या, आता नवीन काही सांगण्यासारखं उरलेलंच नाही. बेढब विमानांच्या वाट्याला मात्र कायम 'जगातली सगळ्यात कुरूप विमानं' असल्या याद्याच येतात, एक फोटो, खाली दोन ओळींची टिंगल, की लगेच पुढचा फोटो. मला हे फार खटकतं. ते विमान तसं का दिसतं हे कोणी विचारतच नाही, आणि खरी मजा तिथेच तर आहे ना. म्हणून इथे मी या विमानांकडे सरळ एक प्रॉडक्ट म्हणून बघतोय: कुठल्या कामासाठी बनवलं, ते काम झालं का, आणि पैसे मोजणाऱ्याला ते परवडलं का. दिसण्याचे मार्क देणार पण नाही आणि कापणार पण नाही.

सुरुवात शेतीच्या विमानांपासून करतो, कारण इथे एकाच कामासाठी बनलेली दोन विमानं आहेत, दोन्ही बघताक्षणी दचकायला होतं, आणि तरी दोघांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक.

पहिलं ऑस्ट्रेलियाचं ट्रान्सअ‍ॅव्हिया पीएल-१२ एअरट्रक. लुईजी पेल्लारिनी नावाच्या इटालियन डिझायनरचं हे काम, पहिलं उड्डाण एप्रिल १९६५. समोरून बघितलं तर आखूड गुबगुबीत धड, त्याच्या नाकात इंजिन आणि इंजिनाच्या डोक्यावर पायलट. वर एक मोठा पंख, खाली दोन छोटे पंख. आणि मागे शेपूट एक नाही, दोन, ती पण एकमेकांना न जोडलेली, दोन लांब दांड्यांवर वेगवेगळी उभी. नेहमी दोन दांड्यांच्या विमानात मागे एक आडवी पट्टी असते जी दोघांना जोडते, इथे ती पट्टीच नाही, त्यामुळे फोटोत बघताना कोणीतरी मधला भाग कापून नेलाय असंच वाटतं.

आता हे असं का, तर शेतावर खत टाकणारं विमान दिवसभर काय करतं ते बघा. भरायचं, उडायचं, टाकायचं, उतरायचं, परत भरायचं. खेपा छोट्या छोट्या असतात त्यामुळे सगळा धंदा भरण्यात किती वेळ जातो यावर चालतो. एअरट्रकमध्ये मधली पट्टी नसल्याने खताचा ट्रक मागून सरळ दोन शेपटांच्या मधून आत येतो, थेट हॉपरला, म्हणजे विमानातल्या खताच्या टाकीला भिडतो, जवळपास टनभर खत ओततो आणि तसाच मागे जातो. ट्रक ड्रायव्हरला विमानाला वळसा घालायचा नाही, शेपटाला धक्का लागेल म्हणून जीव मुठीत धरायचा नाही. दुसरा फायदा असा की खत आणि औषधं धातूला खातात, आणि साध्या विमानात मागे उडणारी ती सगळी धूळ शेपटावरच जाऊन बसते. इथे दोन्ही शेपटं बाजूला आणि उंच, धूळ मधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. पायलट उंच बसतो म्हणून त्याला पुढचं झाड, कुंपण, तारा सगळं नीट दिसतं. म्हणजे जी जी गोष्ट डोळ्याला खुपते तिचं बोट धरून मागे गेलात की शेतावरची एक खरी अडचण सापडते. शंभराच्या वर विकली गेली ही विमानं आणि वर्षानुवर्षं राबली. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो एवढ्यासाठी की अशा रचनेत दोन्ही शेपटांचा कंट्रोल दोन वेगळ्या दांड्यांतून न्यावा लागतो, म्हणजे मेकॅनिकला तपासायचं काम दुप्पट.

दुसरं पोलंडचं पीझेडएल एम-१५, टोपणनाव बेल्फेगोर. पॅरिस एअर शोमध्ये लोकांनी बघितलं, म्हणजे खरंतर आधी ऐकलं, आणि एका राक्षसाचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. हे जेट बायप्लेन आहे. परत वाचा, जेट आणि बायप्लेन. वर-खाली दोन पंख, मधे औषधाच्या दोन उभ्या जाडजूड टाक्या, पायलटच्या मागे पाठीवर बसवलेलं याक-४० या प्रवासी विमानातलं इव्हचेन्को एआय-२५ टर्बोफॅन, म्हणजे जेट इंजिनच, आणि मागे परत दोन दांड्या.

सोव्हिएत युनियनला त्यांच्या अवाढव्य शेतांसाठी एएन-२ च्या जागी काहीतरी नवीन हवं होतं. एएन-२ म्हणजे १९४७ सालचं पिस्टन इंजिनचं बायप्लेन. नवीन म्हणजे आधुनिक आणि आधुनिक म्हणजे जेट, असा सरळसोट हिशोब वरच्या पातळीवर झाला. आणि खरी गडबड तिथेच झाली. फवारणी करायला हळू उडावं लागतं, म्हणून दोन पंख लावले. पण जेट इंजिन थोडीच हवा घेऊन ती जोरात मागे फेकतं, त्यामुळे विमान हळू असेल तर इंजिनाची बरीचशी ताकद नुसती गरम वारा सोडण्यात जाते. प्रॉपेलर भरपूर हवा सावकाश ढकलतो, म्हणून कमी वेगाला तोच परवडतो. हे काही गुपित नव्हतं, त्या काळातल्या कुठल्याही इंजिनियरला ठाऊक असणार. एम-१५ चा जास्तीत जास्त वेग २०० किमीच्या आसपास, कारखान्यात मालिकेने बनलेलं जगातलं सगळ्यात हळू जेट हेच. इंधन मात्र जेटसारखं प्यायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. जवळपास ३००० बनवायची योजना होती, १९८१ मध्ये काम थांबलं तेव्हा १७५ झाली होती. आणि गंमत बघा, ज्या मिएलेत्सच्या कारखान्यात हे बनत होतं तिथेच लायसन्सवर एएन-२ पण बनत होतं, आणि ज्याला रिटायर करायला हे आणलं ते म्हातारं एएन-२ याच्यानंतरही बनत राहिलं.

तरी एम-१५ च्या इंजिनियर लोकांबद्दल मला वाईट बोलवत नाही. २९०० लिटर औषध घेऊन जमिनीलगत सावकाश उडणारं जेट त्यांनी खरोखर बनवून दाखवलं, टाक्या पंखांच्या मधल्या आधारात बसवायची कल्पना तर हुशारच आहे, वेगळा आधार पण नको आणि वेगळी टाकी पण नको. जे मागितलं ते त्यांनी दिलं. मागणीच चुकीची होती. पाचपैकी दीड.

या दोन विमानांमुळे माझा तरी नियम ठरून गेलाय. विमानाचा बेढबपणा जर काम करणाऱ्याच्या अडचणीतून आला असेल तर ते विमान टिकतं, आणि कागदावर आधीच ठरलेल्या एखाद्या हट्टातून आला असेल तर बुडतं. पुढची सगळी मी याच मापाने मोजतोय.

सुपर गप्पी घ्या. हे माझं सगळ्यात लाडकं. अमेरिकेत १९६० च्या सुरुवातीला नासाची एक साधीच पण मोठी अडचण होती, चंद्रावर जायच्या रॉकेटचे भाग कॅलिफोर्नियात बनायचे आणि लागायचे फ्लोरिडात, ते एवढे जाड की रस्त्याने नेता येत नव्हते, म्हणून बोटीत चढवून पनामा कालव्यातून फिरवून आणायचे. आठवडे जायचे त्यात. जॅक कॉनरॉय नावाच्या माणसाने बोईंगची जुनी ३७७ स्ट्रॅटोक्रूझर विमानं, जी एअरलाईन्स तेव्हा काढून टाकत होत्या, ती घेतली, एकाचं धड लांब केलं आणि वरचा भाग फुगवून एवढा मोठा केला की रॉकेटचा अख्खा टप्पा आत जाईल. नाव पडलं प्रेग्नंट गप्पी. १९ सप्टेंबर १९६२ ला पहिल्यांदा उडालं, आणि हे काय उडतंय असं वाटून विमानतळवाल्यांनी पोलीस आणि फायर ब्रिगेडला आधीच कळवून ठेवलं होतं. उडालं, आणि नीट उडालं. नासाचा रॉकेटवाला वेर्नर फॉन ब्राउन तर पहिल्यापासूनच या कल्पनेच्या बाजूने होता.

मग १९६५ मध्ये सुपर गप्पी आलं, आतल्या पोकळीचा व्यास ७.६ मीटर. म्हणजे दोन मजली घर आडवं सरकवावं एवढी जागा. माल आत घालायला याचं अख्खं नाक, पायलटच्या केबिनसकट, बिजागरीवर दारासारखं बाजूला उघडतं. पायलट ज्या खुर्चीत बसून उतरला तीच खुर्ची पाच मिनिटांनी तोंड फिरवून भलतीकडेच बघत असते, असं विमान दुसरं दाखवा. चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न फाइव्ह रॉकेटचा तिसरा टप्पा यातून जायचा. पुढे युरोपात एअरबसने पण वेगवेगळ्या देशांत बनलेले पंख आणि धडाचे तुकडे एकत्र आणायला चार सुपर गप्पी वापरली, म्हणजे प्रत्येक नवं एअरबस आधी तुकड्या-तुकड्याने जुन्या बोईंगच्या पोटातून प्रवास करायचं. त्यातलंच एक नासाने १९९७ मध्ये घेतलं आणि २०१९ मध्ये त्यातूनच नासाचं ओरायन अंतराळयान चाचणीसाठी ओहायोला गेलं. एवढा फुगलेला आकार असला की बाजूचा वारा त्रास देणारच, वेग पण बेताचा, मालाच्या भागात हवेचा दाब राखलेला नसतो. या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. पण जे काम दुसरं कोणी करूच शकत नव्हतं ते याने केलं, म्हणून पाचपैकी पाच आणि मला यावर वाद घालायचा नाही.

एअरबसने नंतर स्वतःचं बेलुगा काढलं, १९९४ मध्ये उडालं, त्यात कॉकपिट मालाच्या फरशीच्याही खाली ढकलला आणि दार त्याच्या डोक्यावर केलं, म्हणजे माल भरताना पायलटच्या केबिनला हात लावायलाच नको. नवीन बेलुगा एक्सएलवर तर तोंड आणि डोळे रंगवून त्याला हसरं केलंय. मला आवडलं ते. आपलं रूप लपवत न बसता त्यांनी ते अंगावर मिरवलं.

आता ज्याच्याकडे बघून डोकं खरंच गरगरतं ते, जर्मनीचं ब्लोम उंट फॉस बीव्ही १४१. १९३८ मध्ये पहिलं उड्डाण. विमानाला डावी-उजवी बाजू सारखी हवी हे आपण इतकं गृहीत धरतो की याचा फोटो कोणीतरी बिघडवलाय असंच वाटतं. इंजिन आणि शेपूट डाव्या बाजूच्या लांब दांड्यावर, आणि माणसं बसायची काचेची केबिन उजवीकडे, वेगळीच, पंखावर ठेवल्यासारखी. नंतरच्या बी मॉडेलमध्ये तर शेपटाची उजवी बाजू जवळजवळ काढूनच टाकली.

सरकारची मागणी अशी होती की एका इंजिनाचं टेहळणी विमान हवं आणि त्यातून चहूकडे स्वच्छ दिसलं पाहिजे. आता एकच इंजिन म्हटलं की ते नाकात, आणि नाकात इंजिन म्हटलं की पुढचं आणि खालचं निम्मं दृश्य गेलं. याचा डिझायनर रिशार्ड फोग्टने काय केलं, माणसांनाच इंजिनापासून बाजूला काढलं. मग त्यांना पुढे, खाली, मागे सगळीकडे दिसायला लागलं. आणि विमान एका बाजूला कलणार नाही का, तर एका प्रॉपेलरच्या विमानाला प्रॉपेलरच्या फिरण्यामुळे तशीही एका बाजूला ओढ असतेच, पायलट ती सतत पायाने आणि हाताने सावरत असतो. फोग्टने केबिनचं वजन आणि तिला होणारा हवेचा विरोध त्या ओढीच्या उलट बाजूला टाकला. दोन असमतोल एकमेकांना भिडवले. शेपटाची उजवी बाजू काढली कारण मागे तोंड करून बसलेल्या गनरच्या समोर ती येत होती. एकही गोष्ट नुसती हौस म्हणून केलेली नाही यात.

आणि तरी हे विमान सैन्यात मोठ्या प्रमाणावर गेलंच नाही. सुरुवातीचं इंजिन कमी पडलं, मग जे ताकदवान बीएमडब्ल्यू ८०१ मिळालं तेच फोके-वुल्फ १९० फायटरला पण हवं होतं, लढाईच्या काळात फायटरचा नंबर पहिला लागणार हे उघड आहे, आणि टेहळणीचं काम तोवर फोके-वुल्फ १८९ ने घेतलं होतं, तेही विचित्रच दिसणारं पण निदान दोन्हीकडून सारखं. बीव्ही १४१ वीसएक बनली असतील. प्रॉडक्ट म्हणून मला तीनच मार्क द्यावे लागतायत, कारण वेळेवर आणि पुरेशा संख्येने मिळालं नाही तर वापरणाऱ्याला त्याचा काय उपयोग. डिझाईन म्हणून मात्र पाच. ही कल्पना खुळी नव्हती याचा पुरावा १९९६ मध्ये बर्ट रुटान या अमेरिकन डिझायनरने दिला, त्याचं बूमरँग हे विमान. दोन इंजिनं, एक मुख्य धडाच्या नाकात, दुसरं डावीकडच्या छोट्या धडावर, आणि दोन्ही एका रेषेत पण नाहीत. साध्या ट्विन इंजिन विमानात एक इंजिन बंद पडलं की विमान जोरात एका बाजूला वळतं आणि तिथेच पायलट फसतो, कित्येक जण असे गेलेत. बूमरँगमध्ये वाकडेपणा असा मांडलाय की एक इंजिन गेलं तरी विमान हातात राहतं. लोक त्याला विचित्र म्हणतात, पण ट्विनमध्ये बसणाऱ्याने त्याला सुरक्षित म्हणायला पाहिजे.

वाकडेपणावरून आठवलं, ए-१० थंडरबोल्ट या अमेरिकन लढाऊ विमानाचं नाक कधी समोरून नीट बघा. वॉरथॉग म्हणतात त्याला, म्हणजे तो सुळेवाला आफ्रिकन रानडुक्कर. सात नळ्यांची ३० मिलिमीटरची गन आहे, आणि ती बरोबर मधे नाही, जरा डावीकडे सरकवलेली आहे, कारण सात नळ्या फिरतात आणि त्यातली जी नळी त्या क्षणाला गोळी झाडते ती विमानाच्या बरोबर मध्यरेषेवर यायला हवी, नाहीतर प्रत्येक फैरीला नाक बाजूला जाईल. गन डावीकडे गेली म्हणून पुढचं चाक उजवीकडे ढकलावं लागलं. इंजिनं मागे उंचावर टांगलेली, कच्च्या धावपट्टीवरचे खडे आत जाऊ नयेत म्हणून. चाकं आत घेतली तरी थोडी बाहेर डोकावतात, म्हणजे पोटावर उतरायची वेळ आली तर विमानाचं कमी नुकसान. युद्धाच्या यंत्राचं कौतुक करावं का हा प्रश्न माझ्या मनात असतो, तो बाजूला ठेवून फक्त रचनेबद्दल बोलतोय. पाच.

अमेरिकेच्या व्हॉट कंपनीचं व्ही-१७३ थोडक्यात सांगतो. चार्ल्स झिमरमनची कल्पना, अख्खं विमानच एक गोल चपटा पंख, उडता पॅनकेक म्हणायचे. पंखाच्या टोकांवर हवेचे भोवरे होतात आणि त्याने ताकद वाया जाते, म्हणून झिमरमनने मोठे प्रॉपेलर टोकांवरच बसवले आणि भोवऱ्यांच्या उलट फिरवले. १९४२ मध्ये उडालं, फक्त ८० हॉर्सपॉवरच्या दोन इंजिनांवर. एकदा बिघाड झाला म्हणून समुद्रकिनाऱ्यावर उतरवायला लागलं, किनाऱ्यावर माणसं दिसली म्हणून पायलटने ब्रेक दाबले, विमान उलटं झालं आणि पायलट धडधाकट बाहेर आला. यावरून बनवलेलं फायटर, एक्सएफ५यू, एवढं मजबूत होतं की जेटचं युग आलं म्हणून ते मोडायचं ठरलं तेव्हा लोखंडी गोळा आणून हाणावा लागला. मोडायला नको होतं. चार.

इटलीच्या स्टिपा-काप्रोनीला (१९३२) फार वेळ देत नाही, उडतं पिंप आहे ते अक्षरशः, इंजिन आणि प्रॉपेलर दोन्ही पोकळ धडाच्या आत. उडायचं एकदम स्थिर आणि ६८ किमीला उतरायचं, पण पिंपाचा हवेला विरोध एवढा की मिळालेला सगळा फायदा तिथेच संपायचा. प्रयोग म्हणून उत्तम, प्रॉडक्ट म्हणून दोन.

पण त्याच देशाचं काप्रोनी सीए.६० मात्र मला कुठल्याच मापाने पास करता येत नाही. १९२१. शंभर प्रवासी घेऊन अटलांटिक पार करायचं स्वप्न. त्यासाठी काय केलं तर तीन-तीन पंखांचे तीन संच, पुढे, मधे आणि मागे, एकूण नऊ पंख, आठ लिबर्टी इंजिनं, आणि हे सगळं एका हाउसबोटीसारख्या धडावर. मोठ्या विमानाला जास्त उचल लागते, बरोबर आहे, पण उत्तर म्हणून आधीच्या विमानांचे पंख घेऊन ते रचत जायचं हे काही डिझाईन नाही, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्या. पुढच्या पंखांनी ढवळलेली हवाच मागच्यांना मिळणार होती. मार्चमध्ये माज्जोरे सरोवरावर दुसऱ्यांदा उडालं, वीसेक मीटरच्या आसपास वर गेलं आणि नाक खाली करून पाण्यात. पायलट सेंप्रिनी वाचला ही एवढीच चांगली गोष्ट. लोक याचे फोटो बघून हरखून जातात, मला मात्र यात शंभर लोक बसले असते तर, हाच विचार येतो. एक मार्क, तो पण धाडसाचा.

आणि एक अन्याय झालेलं विमान, ब्रिटनचं एजली ऑप्टिका. १९७९. पुढे अख्खी काचेची गोल केबिन, किड्याच्या डोळ्यासारखी, आणि तिच्या मागे एका मोठ्या कड्यात बसवलेला पंखा. हेलिकॉप्टरचं टेहळणीचं काम स्वस्तात करायचं, १३० किमीच्या संथ वेगाने घिरट्या घालत खालचं सगळं बघायचं, एवढीच अपेक्षा होती, आणि ती रचनेतून पूर्ण होत होती. पण १९८५ मध्ये पोलिसांकडे असलेलं एक पडलं, दोघे गेले. कंपनी बुडाली. दुसऱ्यांनी ती उभी केली तर जानेवारी १९८७ मध्ये कोणीतरी हँगरला आग लावली आणि तयार विमानांतली बहुतेक जळून गेली. बाजारात उतरून हरलेलं प्रॉडक्ट वेगळं आणि बाजारात नीट पोचूच न शकलेलं वेगळं, दोघांना एकच शिक्का मारणं बरोबर नाही. माझे चार, आणि ड्रोन यायच्या आधीची ती दहा-पंधरा वर्षं याला मिळायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

ज्यांना प्रत्यक्ष बघायची आहेत त्यांच्यासाठी: व्ही-१७३ डॅलसच्या फ्रंटियर्स ऑफ फ्लाइट म्युझियममध्ये आहे, एम-१५ क्राकोवच्या विमान संग्रहालयात, सीए.६० चे उरलेले तुकडे त्रेंतोच्या काप्रोनी संग्रहालयात. बीव्ही १४१ एकही पूर्ण उरलेलं नाही, त्यामुळे त्याच्यासाठी फोटोंवरच भागवायचं, फक्त जुने फोटो बघताना ते कधीकधी छापताना उलटे झालेले असतात हे लक्षात ठेवा, केबिन विमानाच्या उजव्या बाजूला असेल तरच फोटो सरळ. आणि एकच विमान बघायला वेळ असेल तर तुलूजजवळच्या एअरोस्कोपियामध्ये जा, तिथल्या सुपर गप्पीच्या पोटात शिरता येतं. आत गेल्यावर आधी वर छताकडे बघा, मग सगळे बाहेरून का हसतात ते विसरायला होतं.